बाळंतपणाच्या रजिस्टराबाहेरची वीस वर्षं

तुम्ही समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहात, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवीच्या, म्हणजे गर्भाशय काढण्याच्या, ऑपरेशनांवर प्रकल्प करताय. तुम्ही विचारता की देशाचं प्रजनन आरोग्य सुधारायचं तर सरकारने आधी काय हाती घ्यावं, जनजागृती की कडक कायदा? आणि बीडमध्ये एवढ्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या त्यात दोष कुणाचा, बायकांच्या अज्ञानाचा की डॉक्टरांच्या लोभाचा?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नोकरीचा बराचसा काळ मराठवाड्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत गेला, शेवटची वर्षं कार्यक्रम आखण्यात आणि त्यांचे आकडे तपासण्यात. त्यामुळे उत्तरात ओपीडीचा वास येईल, तो चालवून घ्या.

तुमच्या प्रश्नाखाली मला आणखी एक प्रश्न दिसतो, आणि तो सुटल्याशिवाय तुमचा सुटणार नाही. बाई गरोदर राहिली की आपली यंत्रणा तिला ओळखते. आशाताई नाव नोंदवतात, नर्सताई रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या मिळतात, कळा सुरू झाल्या की गाडी येते, बाळंतपणानंतर ४२ दिवस कुणीतरी घरी डोकावतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर नसबंदी होते आणि त्या दिवसापासून ती आमच्या लेखी संपते. तेव्हा तिचं वय असतं पंचवीस-सव्वीस. पाळी जायला अजून निदान वीस वर्षं असतात. त्या वीस वर्षांत तिच्या अंगावरून पांढरं जातं, पाळीत रक्त जास्त जातं, कंबर भरून येते, अंग बाहेर येतं, संबंधांच्या वेळी दुखतं. यातल्या कशासाठीही उपकेंद्रातल्या रजिस्टरात धड रकाना नाही. पिशवी काढण्याचा बाजार याच वीस वर्षांत उभा राहिला आहे.

आता काय कशावर अवलंबून असतं ते आधी सांगून टाकते, कारण 'देशाचं प्रजनन आरोग्य' अशी एकच वस्तू कुठे नसते. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५ होते. आसामात पहिला रुपया रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नदीपलीकडून बाई आणायच्या सोयीवर खर्च व्हायला हवा. आपल्याकडेही नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या डोंगरात अजून तोच हिशोब लागू आहे. पुण्या-मुंबईत मात्र चिंता उलटी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खाजगी रुग्णालयांतल्या ४७ टक्के बाळंतपणांत सिझेरियन होतं, सरकारीत १४ टक्के. म्हणजे एका ठिकाणी सुरी वेळेवर पोचत नाही, दुसऱ्या ठिकाणी गरज नसताना पोचते. बीडमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्या, फक्त वेगवेगळ्या वयात. म्हणून तुमचा विषय मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याला काय जमलं ते नीट पाहिलं तर काय जमलं नाही ते उमगतं. २००१-०३ मध्ये देशात लाखामागे ३०१ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ९७. हा बदल कशाने झाला? बाई बाळंतपणात दगावते ती बहुतेक वेळा उशिराने. दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, त्यांनी पहिला उशीर बराच कमी केला. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतपणाचा, सिझेरियनचा, रक्ताचा आणि गाडीचा खर्च सरकारी रुग्णालयात फुकट केला. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली, त्याने दुसरा उशीर आवरला. तिसरा उशीर अजून आहे. रात्री अडीच वाजता ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ असेल याची खात्री आजही कुणी देऊ नये. तरी रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवायचं, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट ट्रेमध्ये भरून तयार ठेवायचं, या साध्या शिस्तीने किती बायका वाचल्या ते लेबर रूममध्ये उभं राहिलेल्याला विचारा.

एवढं जमलं ते का? मला वाटतं, बाळंतपण ही तारीख असलेली घटना आहे. तिची नोंद होते, मृत्यू झाला तर जिल्ह्यात बैठक बसते, कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. मी अशा बैठकांना बसले आहे. तिथे आरडाओरडा होतो, कागद रंगवले जातात, पण पुढच्या महिन्यात त्या केंद्रात फ्रिज दुरुस्त झालेला असतो. जे मोजलं जातं त्याकडे यंत्रणा वळते. पस्तिशीतल्या बाईच्या पांढऱ्या पाण्याला तारीख नसते. त्याने लगेच कुणी मरत नाही. त्यावर बैठक बसत नाही.

मोजण्याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी, नाहीतर प्रकल्पाच्या शेवटी 'उद्दिष्टं ठरवून द्यावीत' अशी शिफारस कराल. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना कोटे वाटून दिले होते. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षाने पुरुष नसबंदी हा विषय पुढच्या दोन पिढ्यांसाठी बाद करून टाकला आणि सगळं ओझं बायकांवर सरकलं. पाचव्या पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३८ टक्के आहे आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत, तेवढी जागा बधिर करून होते. बाईचं ऑपरेशन पोटात शिरून करावं लागतं. तरी नवरा म्हणतो, मला जड काम करायचं असतं, अशक्तपणा येईल. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते ती बहुतेक वेळा बाईच असते, हे त्याला सांगून पाहिलंय. हसतो आणि गप्प बसतो.

१९९४ च्या कैरोतल्या जागतिक लोकसंख्या परिषदेनंतर, १९९६ मध्ये आपण नसबंदीची उद्दिष्टं कागदावरून काढली. मनातून काढली नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ नसबंद्या केल्या आणि त्या काही दिवसांत तिथल्या शिबिरांतल्या किमान १३ बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा. म्हणून मोजा जरूर, पण किती ऑपरेशनं झाली ते मोजलं की ऑपरेशनं वाढतात. त्याऐवजी बाईला काय मिळालं ते मोजावं लागतं. त्याकडे पुढे येते.

आता बीड. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहातली एक. चौथ्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांत देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा 'पाचपट' वगैरे मथळा लिहू नका. फरक मात्र खरा आहे.

'अज्ञान' हा शब्द मला इथे पटत नाही. त्या बाईच्या जागी बसून हिशोब करून बघा. दसऱ्याच्या सुमारास टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) दोघांच्या नावावर घेतलेली असते. ती सहा महिन्यांत फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड, आणि तो ५०० रुपये किंवा त्याहूनही जास्त. पहाटे चारला उठून भाकऱ्या, मग फड, मग गाडी भरणं, ती रात्री कधीही येते. राहायला पाचटाची कोपी. संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीत कापडाची घडी बदलायला जागा नाही, धुतलेलं कापड उन्हात वाळवायची सोय नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. चार दिवसांची पाळी म्हणजे तिच्यासाठी चार खाड्यांची भीती. त्यात लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालेलं. पाचव्या पाहणीत राज्यात १८ वर्षांआधी लग्न झालेल्या मुली बावीस टक्के आहेत, बीडमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त. त्याचंही कारण बरंचसं तेच आहे. आई-बाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि लग्न झालं की आणखी एक कोयता उभा राहतो.

विशीत दोन-तीन बाळंतपणं, नसबंदी, पंधरवड्यात परत कामावर. तिशीला ओटीपोटात सतत दुखणं आणि पांढरं जाणं. सरकारी दवाखान्यात सकाळी जावं तर मजुरी बुडते, पडदा नाही, बाई डॉक्टर नाही, आणि मिळतात त्या दोन-चार रंगाच्या गोळ्या. मग गावातलीच कुणीतरी तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेते. तिथे सोनोग्राफी होते, सोनोग्राफीत काहीतरी निघतंच. 'पिशवीला सूज आहे', 'तोंडाला जखम आहे', 'पुढे कॅन्सर होईल', 'पोरं झाली आहेतच, आता पिशवीचा उपयोग काय'. ती विचार करते: एकदाच खर्च, एकदाच विश्रांती, मग पाळीची कटकट कायमची गेली. व्याजाने पैसे काढते आणि ऑपरेशन करून घेते. यात मला अडाणीपणा कुठे दिसत नाही. तिच्यासमोर ज्या दोन-तीन वाटा होत्या त्यातली तिला परवडणारी तिने निवडली. दोष शोधायचाच असेल तर चौथी वाट का नव्हती, हे विचारा.

डॉक्टरांचा लोभ? आहे, आणि आमच्या व्यवसायाने तो झाकू नये. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या बाईची पिशवी पांढऱ्या पाण्यासाठी काढणं याला कुठल्याही पाठ्यपुस्तकाचा आधार नाही. बरेचदा अंडाशयंही त्याच वेळी काढली जातात, मग तिशीतच अंगातून वाफा, झोप उडणं, सांधे धरणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा धोका. जी बाई खाडा टाळायला ऑपरेशन करून घेते तिला त्यानंतर मोळी उचलवत नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाजू. पण एकट्या लोभाने उत्तर पुरं होत नाही. देशात पिशवी काढलेल्या बायकांचं प्रमाण सर्वांत जास्त आंध्र प्रदेश आणि तेलंगणात आहे, आणि तिथे हा ऊसतोडीचा मुकादम आणि खाडा नाही. बिहार आणि छत्तीसगडमध्ये आरोग्य विम्याचे पैसे मिळवण्यासाठी ऑपरेशनं झाल्याचे आरोप होते. प्रत्येक ठिकाणी ढकलणारा हात वेगळा, पण बाईचं वय, नसबंदी आधीच झालेली असणं आणि जवळ दुसरा उपचार नसणं, हे सगळीकडे सारखं.

कायद्याचा प्रश्न इथेच येतो. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना या ऑपरेशनाआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, ते योग्यच झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. याचा उपयोग होतो, पण तो कुंपणाएवढाच. परवानगी नाकारलेली बाई दवाखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिचं पांढरं पाणी आणि कंबरदुखी तिच्याबरोबरच असते. तिला पुढच्या जिल्ह्यातला दवाखाना माहीत असतो. नकाराच्या कागदाबरोबर तपासणीची तारीख आणि उपचार दिले नाहीत, तर कायद्याने फक्त एसटीचं भाडं वाढवलं असं होईल.

मग चौथी वाट म्हणजे नेमकं काय? आपल्याच राज्यात तिचं उत्तर फार पूर्वी मिळालंय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तक्रार असो वा नसो. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर जगभरात 'माता आरोग्य' म्हणजे गर्भारपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जात होतं. त्या अभ्यासाने ते बदललं, निदान कागदावर. आजही एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासायचं साधन, कपाटात आहे का बघा, आणि असेल तर त्यावरची धूळही बघा.

पांढऱ्या पाण्याचा उपचार अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी ऐकायचं, कारण थोडं पांढरं जाणं हे प्रत्येक बाईत असतं आणि पुष्कळ जणींना तेवढं सांगितलं तरी पुरतं. मग आतून बघायचं. जंतुसंसर्ग असेल तर सरकारी पुरवठ्यातली ती रंगीत पाकिटं, पांढऱ्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं, ती खरंच चांगली औषधं आहेत. गरज असेल तिथे नवऱ्यालाही गोळ्या द्यायच्या, नाहीतर महिन्याभरात बाई परत दारात. न बघता नुसती पाकिटं वाटली तर मात्र दोन-तीन फेऱ्यांनंतर तिचा गोळ्यांवरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेली बाई सोनोग्राफीच्या दुकानात जाते. रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, मग ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, मेफेनॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनची तांबी. यातलं बरंचसं ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. पिशवी काढणं या यादीत शेवटी येतं, आणि तिथवर फार थोड्या जणी पोचतात.

कॅन्सरच्या भीतीवर थोडं थांबते, कारण ऑपरेशन विकायला हीच भीती वापरली जाते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर खरा आहे आणि आपल्याकडे पुष्कळ आहे. पण तो एचपीव्ही विषाणूपासून वर्षानुवर्षं हळूहळू बनतो, आणि आधीच्या पायरीवर पकडला तर बाह्यरुग्ण विभागातल्या छोट्या उपचाराने थांबतो. बीडला लागूनच असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी करवली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत मात्र तीच ॲसिटिक ॲसिडची तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यूंत ठोस फरक दिसला नव्हता. म्हणजे साधी पद्धत चालते, पण पुन्हापुन्हा आणि नीट शिकवलेल्या हातांनी. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलं म्हणून या दोन्ही अभ्यासांवर टीका झाली, ती मला रास्त वाटते. तरी त्या बायकांनी जे सिद्ध करून दिलं ते जगभर वापरलं जातंय आणि शेजारच्या जिल्ह्यात कॅन्सरचं नाव घेऊन पिशव्या काढल्या जात होत्या, हे मला आजही पचत नाही. पाचव्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केसुद्धा नव्हत्या.

गर्भनिरोधनाबद्दल आणि गर्भपाताबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या प्रकल्पाच्या कडेला ते येतातच. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९५२ मध्ये भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात पहिला. एवढ्या जुन्या कार्यक्रमाचं आजही मुख्य साधन नसबंदी असावं हे लाजिरवाणं आहे. तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि आठवड्याची 'छाया' गोळी २०१७ पासून सरकारी पुरवठ्यात आहेत, पण इंजेक्शनने पाळी अनियमित होते हे आधी न सांगता दिलं की बाई दुसऱ्या डोसाला येत नाही आणि गावभर सांगते. लोकसंख्या आवरायला कडक कायदा हवा असं तुमच्या मार्गदर्शकांपैकी कुणी म्हणालं, तर पाचव्या पाहणीतच देशाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे मुलं, २.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता एवढंच सांगा. दोन माणसांच्या जागी दोन मुलंसुद्धा आता आपल्या राज्यात जन्मत नाहीत. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली. तरी लिंगनिदानाच्या कारवायांच्या धास्तीने कित्येक औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवत नाहीत, डॉक्टर विनाकारण टाळतात. वाट बंद केली की काय होतं ते रोमानियाने दाखवलं: १९६६ मध्ये गर्भपात बंद केला, मातामृत्यू युरोपात सर्वांत वर गेले, १९८९ च्या अखेरीस बंदी उठवली आणि लगेच पुढच्या वर्षी ते झपाट्याने उतरले.

जनजागृतीबद्दल विचारलं होतंत. सेवा तयार नसताना केलेली जागृती बाईला सरळ खाजगी दवाखान्याच्या दारात नेऊन सोडते. 'पांढरं जाणं अंगावर काढू नका' असं पोस्टर लावलं आणि उपकेंद्रात बघणारं कुणी नसलं, तर त्या पोस्टरचा फायदा कुणाला होतो? म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी टेबल, दिवा, पडदा आणि बघणारी बाई. मग पोस्टर.

एखादा ऊसतोडीचा तालुका माझ्या हाती दिला तर मी असं करीन. टोळ्या निघायच्या आधी, भाद्रपद-अश्विनात, गावोगाव तिशीपुढच्या प्रत्येक बाईची आतून तपासणी, हिमोग्लोबिन आणि एचपीव्ही किंवा ॲसिटिक ॲसिडची तपासणी, संध्याकाळच्या वेळी, समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सताईंच्या हातून. पुरुष डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही. प्रत्येकीकडे एक कागद, जो कोल्हापूर-सांगलीतल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याजवळच्या दवाखान्यातही चालेल. चैत्रात परत आल्यावर दुसरी फेरी. कारखान्यांना गाळप परवाना देताना तळावर संडास, पाणी आणि आडोशाची न्हाणी पाहिली जावी, आणि आजारपणाचा खाडा मुकादमाने लावायचा नाही हे करारात यावं. हे आरोग्य खात्याचं काम नाही असं मला बैठकांत ऐकवलं गेलंय. पण खाडा तसाच ठेवून मी पिशव्या वाचवू शकत नाही. साखर आयुक्तालय, कामगार खातं आणि आरोग्य खातं एका टेबलाशी बसल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, कारण तो नुसता स्त्रीरोगाचा नाहीच.

आणि मोजायचं काय ते. किती शिबिरं, किती लाभार्थी, हे नको. तिशीपुढच्या किती जणींची आतून तपासणी झाली. ज्यांना औषध दिलं त्यांतल्या किती जणी महिन्याने बऱ्या होत्या. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असलेल्या किती जणींचं तीन महिन्यांत वर आलं. चाळिशीच्या आत पिशवी काढलेली प्रत्येक बाई, सरकारी असो वा खाजगी, आणि तिच्या कागदांची मातामृत्यूसारखी बैठकीत तपासणी. गर्भनिरोधनात किती जणींनी सुरू केलं यापेक्षा वर्षभराने किती जणी स्वतःच्या मर्जीने चालू ठेवून आहेत. या आकड्यांवर कुणाची वेतनवाढ बांधली की ते खोटे होतील, म्हणून ते बक्षिसासाठी वापरायचे नाहीत, फक्त पुढचा फ्रिज कुठे दुरुस्त करायचा ते ठरवायला वापरायचे.

तुमच्या प्रश्नावलीबद्दल दोन-तीन गोष्टी. नुसत्या ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू नका. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, ऊसतोडीलाच जाणाऱ्या पण पिशवी शाबूत असलेल्या तितक्याच बायका शोधा, नाहीतर कारण आणि योगायोग वेगळे करता येणार नाहीत. 'ऑपरेशन का केलं' असं विचारलंत तर 'कॅन्सर होईल म्हणाले' एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी पहिली तक्रार कधी सुरू झाली तिथून ऑपरेशनपर्यंत कोणाकोणाकडे गेलात, प्रत्येकाने काय केलं, किती पैसे गेले, ते क्रमाने विचारा, आणि दर टप्प्यावर एक प्रश्न ठेवा: इथे तुम्हाला कुणी आतून तपासलं का? नसबंदी कोणत्या वर्षी झाली आणि त्यानंतर नर्सताई किंवा आशाताई त्या बाईसाठी म्हणून घरी कधी आल्या, हेही विचारा. अंडाशयं ठेवली की काढली हे बाईला सहसा माहीत नसतं, त्यासाठी डिस्चार्ज कार्ड मागा. मिळालं नाही तर न मिळणं हीच नोंद करा. आणि मुलाखती टोळ्या गावात असतात त्या वैशाख-ज्येष्ठात, सासू आणि नवरा समोर नसताना, बाई सवयीने जिथे बसते तिथे बसून घ्या.